तीस दिवसांचा चौकोन

टाचण्यांची चार भोकं तेवढी होती. सूचनाफलकाच्या हिरव्या कापडावर, डाव्या कडेपासून वीतभर आत, कागदाच्या चार कोपऱ्यांइतक्या अंतरावर. त्या चार भोकांमधलं कापड आजूबाजूच्या कापडाइतकंच विटलेलं होतं. शेजारी पाणीकपातीची सूचना महिनाभर होती, तिथे मात्र गडद हिरवा चौकोन उरला होता, कडा पट्टीने आखल्यासारख्या. खिडकीतलं ऊन अकरा ते एक या फलकावर पडतं, आणि कागदाखालचं तेवढं कापड वाचतं. म्हणजे कोणता कागद किती दिवस इथे होता हे कापड सांगू शकतं... कुणी विचारलं तर.

तिने एका भोकावर बोट ठेवलं. मग काढलं, आणि फाईल छातीशी धरून ती आत आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

नगरपालिकेच्या नियोजन विभागात नकाशे काढण्याचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा. नाल्याकाठचा पट्टा – अकरा गल्ल्या – आजवर पिवळा होता. नव्या नकाशात तो तिने जांभळा केला होता. एक खूण, एक बटण. तिथे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना यायचा होता. असा बदल करायचा तर सूचना तीस दिवस फलकावर लावायची आणि लोकांच्या हरकती घ्यायच्या, हा नियम. तिसावा दिवस आज होता. आणि तिसऱ्या गल्लीत ताई राहत होती.

फाईलमध्ये दोन फोटो होते. पहिल्या दिवसाचा, शेवटच्या दिवसाचा. दोन्ही मिनिटभराच्या अंतराने, महिन्यापूर्वीच्या एकाच दुपारी, हेडक्लार्कनी काढलेले. दुसऱ्यासाठी त्यांनी म्हाताऱ्या शिपायाला स्वेटर घालून फलकाशेजारी उभं केलं होतं. महिना झाला बघा, थंडी पडली, असं ते म्हणाले तेव्हा सगळे हसले. – मीही हसले, तिने मनात म्हटलं. घामाघूम शिपाई, त्याचा तो उसवलेला स्वेटर... हसू खरंच आलं होतं, ते मला नाकारता येणार नाही. मग ते म्हणाले, काढून ठेवा आता, उगाच गर्दी नको, आणि मी टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत टाकल्या, डबीचं झाकण लावलं. एरवी मी ते लावत नाही.

दोन्ही फोटोंत खिडकीच्या गजाची सावली सूचनेच्या तिसऱ्या ओळीतल्या त्याच अक्षरावरून जात होती. सूर्य महिनाभर जागचा हलला नाही, असं त्या फाईलला पुराव्यासह जोडलेलं होतं. विभागाच्या साहेबांनी सकाळी फाईल चाळली होती; ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं.

वरच्या कागदावर तिचं नाव टाईप केलं होतं. सदर सूचना सलग तीस दिवस प्रदर्शित होती, एकही हरकत प्राप्त झाली नाही. नावावर दोन बोटं जागा सहीसाठी. पाच वाजता हरकतींची मुदत संपणार आणि फाईल वर जाणार.

एकही हरकत नाही, हे तर खरंच होतं. ते खरं कसं झालं हेही तिला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी नाल्याकाठी फीत घेऊन माणसं फिरली, तेव्हा गल्लीतले चौघे नगरपालिकेत येऊन विचारायला निघाले होते. ताईनेच त्यांना दारातून परत फिरवलं. आमची धाकटी तिथेच बसते, काही असलं तर आधी मला कळेल. आणि त्या रविवारी ताईने चहा पुढे ठेवून सहज विचारलं, तेव्हा कपाच्या कडेकडे बघत ती म्हणाली होती, “नेहमीची मोजणी असते गं.” तसं खोटं नव्हतं ते. मोजणी नेहमीच होते.

उद्या सांगू, असं तिने त्या रात्री ठरवलं. पण उद्या सांगायचं तर आज का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं, परवा सांगायचं तर दोन दिवसांचं... रोज एक दिवस वाढत गेला. ताईने घरावर खोली चढवायला घेतली. भाची आणि तिची दोन वर्षांची पोर कायमची राहायला येणार होती. दोन वर्षांची मुलं जमिनीवरून हात फिरवतात आणि तोंडात घालतात. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. शरीराला फरक कळत नाही, ते त्याला आपलंच समजतं. कॉलेजात रसायनशास्त्राच्या पेपरात हे तिने लिहिलं होतं, नीट, मुद्देसूद. पूर्ण मार्क मिळाले होते.

“मॅडम, सहीला मुहूर्त बघताय का?” हेडक्लार्क पलीकडच्या टेबलावरून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तिच्या आजारपणात तिचं काम त्यांनी दीड महिना ओढलं होतं, बोलूनही दाखवलं नव्हतं.

तिने पेनाचं टोपण काढलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. फोन वाजला.

ताईच. मागे वाळू चाळल्याचा आवाज येत होता. उद्या सकाळी स्लॅब टाकायचा, सळया बांधून झाल्या, गवंडी म्हणतो आठला सुरू करू. तू रजा टाक, अंगणात खुर्ची टाकून बस नुसती, कामाला हात लावू नकोस, तुझा काही उपयोग नसतो म्हणा. ताई हसली. मग म्हणाली, “समोरची म्हणत होती, कागद बघून ये एकदा. मी म्हटलं, तू आहेस ना.”

तू आहेस ना. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना ताई हेच म्हणायची, पण उलटं – मी आहे ना. आणि हात सोडायची नाही.

ती दाराकडे बघत राहिली. इथूनही फलक दिसत होता, भोकं दिसत नव्हती. कुणी विचारलं तर, असं मघाशी वाटलं होतं... तर विचारलं होतं की. तीन आठवड्यांपूर्वी. चहा ठेवून.

“ताई, स्लॅब टाकू नकोस.”

वाळू चाळायचा आवाज चालूच होता. हेडक्लार्कचं पेन थांबलं. आपला आवाज एवढा साधा कसा येतो आहे याचं तिला नवल वाटलं.

“नकाशा बदललाय. तिथे कारखाना येणार आहे. पाचच्या आत लेखी हरकत द्यायची आहे, गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन ये.”

ताईने कुणाला तरी चाळणं थांबवायला सांगितलं. मग हळू म्हणाली, “आणि त्यांना सांगू काय? तू तिथे असताना हे कळलं कसं नाही म्हणून?”

“ते तू सांगू नकोस. फलकावरची सूचना मीच काढून टाकली होती. ते मी सांगणार आहे.”