काठोकाठ भरलेली डोणी

मी एक जुनी डोणी आहे, मित्रांनो. डोणी म्हणजे जनावरांना खाणे घालायचे लांबट, उथळ पात्र. डोण्यांमध्येही मी अगदी बुटकी, कारण मला डुकराच्या पिल्लांसाठी घडवले होते. हे ऐकून तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. मुरडा बापडे! मी सारा जन्म डुकरांत काढला. माणसांनी माझ्याकडे पाहून पुष्कळदा नाक मुरडले, पण डुकराने एकदाही नाही.

माझा जन्म एका गळक्या पाण्याच्या टाकीच्या पत्र्यातून, लोहाराच्या दुकानात झाला. मला घडवून घेणाऱ्या बाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची. गल्लीच्या टोकाला काकू आणि काका राहायचे, आणि त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच डुकरांची शेड होती. काकू लोहाराच्या समोर ठाण मांडून बसल्या होत्या. "काठ अजून खाली घे, पिल्लाच्या गळ्याला लागेल," असे त्या म्हणाल्या, की लोहार काठ खाली घ्यायचा. "वर सळया घाल. तोंड आत गेलं पाहिजे, पाय नाही." की त्याने सळया जोडायच्या. शेवटी काकूंनी आपले मनगट आतल्या बाजूने माझ्या काठावरून सगळीकडे फिरवले आणि एका जागी थांबल्या. "इथं टोचतंय."

लोहार वैतागला. "काकू, डुकराची डोणी आहे ही, पाळणा नाही!" तो बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. काकूंच्या घरात कधी पाळणा हलला नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. काकूंनी चेहरा बदलू दिला नाही. "मग पाळणाच समज," त्या म्हणाल्या, "आणि नीट घास." त्याने मुकाट्याने कानस उचलली.

शेडच्या एका कोपऱ्यात काकूंनी पिल्लांपुरती जागा आडव्या दांड्याने वेगळी केली होती. पिल्ले दांड्याखालून सहज आत येत, आई मात्र बाहेरच राही. वर उबेसाठी एक दिवा टांगलेला असे. मला तिथे ठेवले गेले. सुरुवातीला पिल्लांना माझा काही उपयोगच कळेना. त्यांना आईच्या दुधापुढे जग नव्हते. एक पिल्लू माझ्यात तोंड खुपसून झोपले, आणि दुसऱ्याने जे केले ते मी सांगत नाही. मी चिडून जायची. काकू मात्र हसायच्या, मला घासून धुवायच्या आणि पुन्हा तिथेच ठेवायच्या.

धान्याचा बारीक भरडा कोमट दुधात कालवून त्या माझ्या तळाशी जेमतेम दोन बोटे सारवत. मग एकेक पिल्लू मांडीवर घेऊन बोटाने त्याच्या जिभेला लावत. "आत्ता शिकून घ्या रे," त्या म्हणायच्या, "नाहीतर पुढं रडत शिकावं लागेल." थोड्या वेळाने पुन्हा येऊन त्या वाकून मला चक्क हुंगायच्या. उरलेसुरले खरवडून आईपुढे टाकायच्या आणि ताजे सारवायच्या. "शिळं पोरांना नको." हे असे दिवसभर चाले. मला आधी वाटले, बाई भारीच हात आखडून घालते. डोणी म्हटल्यावर ती भरलेली नको का? पण मग पिल्ले आपण होऊन येऊ लागली. आधी चाटून पाहत, मग चावून, आणि एक दिवस सळयांमधून सगळी थोबाडे एकदम आत आली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले, हे कबूल करते.

पुढे दूध तोडायचा दिवस यायचा. इतर ठिकाणी पिल्ले उचलून दुसरीकडे नेतात. काकू पिल्लांना हलवत नसत, आईला न्यायच्या. जागा तीच, दिवा तोच, डोणीही तीच. "आई गेली एवढं दुःख पुरे," त्या म्हणायच्या. "वर घरही बदललं तर मोठं माणूससुद्धा वेडं होईल." आणि मग पुढचे काही दिवस त्या पिल्लांना अर्धपोटी ठेवत. दिवसातून पुष्कळदा, पण थोडे थोडे, आणि शेजारी स्वच्छ पाणी. पिल्ले आकांत करायची. शेडचे पत्रे थरथरतील असा आकांत.

तो आकांत काकांना सोसत नसे. काका अंगाने आडदांड होते, पण काळीज मेणाचे. त्या दिवसांत काकू त्यांना शेडकडे फिरकू द्यायच्या नाहीत. तरी एकदा ते गुपचूप आलेच.

"काय आहे खिशात?" मागून काकूंचा आवाज आला.

"कुठं काय? काही नाही."

"मग चालताना भरडा का सांडतोय?"

काका लहान मुलासारखे उभे राहिले. काकूंनी त्यांचा खिसा उलटा केला. "अहो, ती आईसाठी रडतात. पोटात भरडा कोंबून आई येते का? त्यांची आतडी अजून दुधाची आहेत. एकदम भरलं, तर आतल्या आत नासेल सगळं." काकांनी मान डोलावली. ती मान त्यांनी बायकोसाठी डोलावली होती, ऐकले काहीच नव्हते. चार जणांत ते कौतुकाने म्हणायचे, "आमची बाई गुणी आहे हो, फक्त हात जरा आखडता." काकूंच्या पिल्लांसारखी टुमटुमीत पिल्ले आसपास कुणाकडे नव्हती. माझी मापे घेऊन लोक तशाच डोण्या करायला टाकत. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो, आणि ते संपले.

एका सकाळी काकू मला धुवायला आल्या नाहीत. स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला होता, आणि पाठोपाठ काकांची हाक. काकूंना झटका आला होता. कितीतरी दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणले, तेव्हा उजवे अंग लुळे पडलेले होते आणि वाचा गेली होती. घशातून फक्त एकच आवाज निघे, लांबलचक "आं". शेडकडे उघडणाऱ्या खिडकीशी काकांनी त्यांची खाट लावली. "तुला तुझी पिल्लं दिसत राहतील," ते म्हणाले. बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

तेव्हा आईजवळ नवी पिल्ले होती. काकू दवाखान्यात असताना काकांची नुसती धावाधाव चालली होती. सकाळी घाईने येऊन ते माझ्यात कोरडा भरडा ओतत आणि निघून जात. तो तिथेच पडे, दमट होई, आंबे. कालच्यावर आजचा पडे. मला मनगट लावून पाहणारे कुणी नव्हते, हुंगणारे कुणी नव्हते. पिल्ले यायची, वास घेऊन परत आईकडे पळायची. मित्रांनो, भरलेली असूनही मी निकामी झाले होते. दूध तोडायची वेळ आली, पण त्या पिल्लांतल्या एकालाही खायला येत नव्हते.

आई तर खंगून गेली होती. तिच्या फासळ्या दिसू लागल्या, सडांना जखमा झाल्या. तिचे हाल पाहून काकांनी तिला शेडच्या दुसऱ्या टोकाला नेले. पिल्ले जागेवरच ठेवली. एवढे त्यांना आठवत होते.

आणि आकांत सुरू झाला. पहिल्या दिवशी पिल्लांनी मला तोंडही लावले नाही, नुसती दांड्यावर धडका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी भूक अनावर झाली. काकांनी मला खसखसून घासले, भरडा दुधात कालवला, आणि मला काठोकाठ भरले. पिल्ले तुटून पडली. चावायचे कसे ते ठाऊक नाही, नुसती गिळत सुटली. थोबाडे कानापर्यंत माखली. मी रिकामी झाले, की काका पुन्हा भरत.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "आं... आं..."

काका खिडकीपाशी गेले. "त्रास होतोय ना गं या ओरडण्याचा? थांब, आत्ता गप्प करतो त्यांना." आणि त्यांनी आणखी एक बादली कालवली. काकूंचा आवाज चढला. जितका तो चढे, तितकी काका माझ्यात भर घालत. "हो गं हो, उपाशी नाही ठेवत मी त्यांना. तू कशाला जीव काढतेस?" मी पत्र्याची डोणी. मला तोंड आहे, पण ते बोलायचे नाही. काकू काय सांगत होत्या, ते त्या शेडमध्ये फक्त मला कळत होते, आणि माझा काडीचा उपयोग नव्हता.

हळूहळू पिल्ले गप्प झाली. पोटे नगाऱ्यासारखी तट्ट फुगून ती दिव्याखाली आडवी झाली. काकांना धन्य वाटले. तो आनंद बायकोला दाखवावा म्हणून त्यांनी काकूंना खुर्चीत बसवले आणि खुर्चीसकट उचलून शेडमध्ये आणले. मला पुन्हा काठोकाठ भरून त्यांच्या पायांशी ठेवले होते. "बघ! आहे का कुणाची कुरबुर? तुझ्या राज्यात असं कधी झालं होतं?" ते थट्टेने म्हणाले.

काकूंनी पिल्लांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. डाव्या पायात जेवढी होती नव्हती तेवढी ताकद गोळा केली आणि मला लाथ मारली. मी उलटी झाले. सगळा भरडा जमिनीवर सांडला.

"अगं, अन्नाला लाथ?" काका ओरडले. साऱ्या संसारात ते काकूंवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटले. ते खाली बसले, सांडलेले हातांनी गोळा केले आणि मला पुन्हा भरले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. काकांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीने ते पुसले. "पोरांना बघून हळवी झालीस. चल, पड जरा." काकूंना उचलून ते आत घेऊन गेले, आणि मी काठोकाठ भरलेली तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी पिल्लांना हगवण लागली. अंगे गार पडली, डोळे खोल गेले, शेपट्या लोंबकळल्या. कालपर्यंत ज्यांनी पत्रे हादरवले होते, त्यांच्या घशातून चीत्कारही फुटेना. एकापाठोपाठ एक ती माझ्या आसपास मरत गेली. जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा उपचार करायला फारसे कुणी उरले नव्हते. त्याने एकाचे पोट दाबून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"ही भुकेनं नाही गेली, खाण्यानं गेलीत. दूध तोडल्या तोडल्या कुणी असं भरून घालतं का? तुमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं?"

काकांनी खिडकीकडे पाहिले. मग म्हणाले, "माहीत होतं. ती सांगत होती."

डॉक्टर गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. गजांना धरून त्यांनी विचारले, "तू हेच सांगत होतीस ना गं? ते पायानं, ते हेच ना?"

काकूंचे डोळे उघडे होते, पण आवाज आला नाही. तेव्हा काकांच्या ध्यानात आले, की लाथ मारल्या दिवसापासून काकूंनी एकदाही "आं" केले नव्हते. त्यांनी तर शेजारणीला आनंदाने सांगितले होते, "आता शांत झाली आहे, बरं वाटतंय तिला."

एक पिल्लू वाचले. सगळ्यांत लहानगे, रेटारेटीत ज्याला माझ्यापर्यंत पोचताच आले नव्हते ते. त्याच्यासाठी काका भरडा कालवत, मूठभर घेऊन आधी खिडकीशी जात आणि तळहात उघडून काकूंना दाखवत. "एवढं घालू?" मग थांबत. आतून काही येत नसे. ते मुठीतले थोडे परत बादलीत टाकत आणि पुन्हा विचारत. "आणि एवढं?" लहानगे दांड्याला धडका देत राही, तरी काका हलत नसत. शेवटी ते चिमूटभर माझ्या तळाशी सारवत आणि जवळच बसून राहत. काकू थंडी सरायच्या आत गेल्या. तोवर काका रोज विचारत होते.

मी आता शेडच्या भिंतीशी पडून आहे. मला पुसा, जपा, गंजू देऊ नका, असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. पत्रा आहे, तो गंजणारच. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या घरात बोलता न येणारे कुणी असेल, तान्हे, आजारी, म्हातारे किंवा चार पायांचे, तर ते ओरडले की पुढ्यात काहीतरी वाढून त्याला गप्प करू नका. जवळ बसा. काय म्हणायचे आहे ते विचारा, आणि कळेपर्यंत उठू नका. आणि हे वेळेवर करा. काकांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनी सांगणे सोडून दिले होते.