गुडघ्यातली काळी पट्टी

एक्स-रे स्वच्छ निघाला तेव्हा शालिग्रामने अमडापुरात पेढे वाटले. मुलीचं हाड मोडलं नव्हतं. म्हणजे निशिगंधा राज्य कबड्डी संघाच्या शिबिराला जाणार, हे त्याने गावभर सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी जिना उतरताना तिचा गुडघा आतल्या बाजूला निसटला.

उपांत्य सामन्यात चढाई करताना तिचा पाय रोवलेलाच राहिला होता आणि अंग वळलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गुडघा ओढून पाहिला, पण दुखण्यामुळे तिने मांडी आवळून धरली. काही कळेना.

"एक्स-रेत हाड दिसतं, अस्थिबंध दिसत नाही," ते म्हणाले. "मधला बंध तुटला असेल तर ऑपरेशन, आणि वर्षभर मैदान बंद. एमआरआय करा."

शिबीर तीन महिन्यांवर होतं.

एमआरआयला सोबत झेबा आली होती, संघातली कोपरारक्षक. "तुयासारखी नाचरी त्या मशीनमंदी गप पडन?" तिने चिडवलं.

"तू तोंड बंद ठेव, मी पाय बंद ठेवतो."

मशीन सुरू झालं. ठक-ठक-ठक. कानाला हेडफोन असूनही तो ठेका अंगात शिरला. निशिगंधाच्या ओठांवर आपोआप आलं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आणि पायाचा अंगठा रेषा शोधत पुढे सरकला.

"ताई, पाय हलला! सगळी चित्रं पुसट आली," तंत्रज्ञ तौसिफचा आवाज आला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. बाहेर थांबलेला शालिग्राम काचेशी येऊन उभा राहिला.

झेबाने तौसिफकडून माइक मागून घेतला. "निशे, ऐक. तू आता रेडर नाहीस. तू माया जागेवर, कोपऱ्यात हायेस. रेडर येऊन राह्यली. हललीस का गेलीस!"

निशिगंधाने दम रोखल्यासारखा पाय रोखला. ठक-ठक सुरू झालं. रेडर येत राहिली, हात लांब करत राहिली. निशिगंधा हलली नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. गुडघ्याच्या मधोमध तिरपी काळी पट्टी होती. "हा मधला, मुख्य बंध. वरपासून खालपर्यंत सलग आहे."

"म्हंजे?" शालिग्राम पडद्याकडे झुकला.

"म्हणजे ऑपरेशन नाही. इथे आतल्या बाजूला पांढरं दिसतंय ना, तो बंध थोडा फाटलाय. पट्टा बांधायचा, व्यायाम करायचा. दोन महिन्यांनी तपासू. भरला असेल तर मैदान."

झेबाने आनंदाने आरोळीच ठोकली. शालिग्रामने तिथूनच संघाच्या प्रशिक्षक संजीवनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, साबूत हाये! मधला साबूत हाये!" बाहेर बसलेले रुग्णही हसले.

"मग रविवारी फायनल खेळेल का?" मॅडमनी विचारलं.

शालिग्रामने आशेने मुलीकडे पाहिलं. तोंडातून हो निघणारच होतं. निशिगंधाने फोन काढून घेतला.

"नाही मॅडम. रविवारी चढाईले झेबाले पाठवा, मी बाकावर बसतो." ती खळखळून हसली. "शिबिराले मात्र येतो. हाव, येतोच!"