खिडकीत ठेवलेला रेडिओ

मित्रांनो, सलूनच्या खिडकीतल्या फळीवर बसलेला, लाकडी पेटीचा तो जुना रेडिओ म्हणजे मी. माझं एक बटण मूळचं नाही, पोटावरचं कापड उन्हाने विटलं आहे आणि काटा सरकताना मध्येच अडकून बसतो. तरी मला म्हातारा म्हणू नका. आवाज अजून खणखणीत आहे. या गल्लीत माझ्याइतकं कोणाचंच ऐकलं जात नाही, अगदी आमच्या मालकांच्या आईचं, म्हणजे आजीचंसुद्धा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक बाकावर बायका ओळीने बसायच्या. एक तारा जोडायची, दुसरी पेटीला पॉलिश करायची, आणि शेवटची बाई बटण फिरवून, मान तिरकी करून ऐकायची. माझ्यातून पहिला आवाज निघाला तेव्हा ती खुदकन हसली आणि शेजारणीला म्हणाली, "हा बोलका निघाला गं!" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

पुढे थोरल्या मालकांनी मला दुकानात आणलं. त्यांचं हे सलून. मी आल्यापासून केस न वाढलेले लोकही दुकानात येऊन बसू लागले. सामन्याचं वर्णन लागलं की वस्तरा हवेत थांबायचा आणि गालाला साबण लावलेली माणसं श्वास रोखून माझ्याकडे पाहायची. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. थोरले मालक रोज सकाळी आधी मला पुसायचे, मग आरसा.

थोरले मालक गेले आणि दिवस पालटले. धाकट्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, भिंतीवर टीव्ही लावला. मला वरच्या फळीवर, पावडरच्या रिकाम्या डब्यांमागे ढकललं. टीव्हीवर माझा राग नाही. छे, खोटं कशाला बोलू? आहे. इतकं मोठं थोबाड आणि माणसाला एक क्षण डोळे मिटू देत नाही! मी त्या डब्यांमागे कितीतरी वर्षं मुक्याने काढली. कोळ्याने माझ्या पाठीत संसार थाटला. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

मला पुन्हा खाली आणलं ते भोंगाने. ही धाकट्या मालकांची मुलगी. तान्ही असताना ती असं काही भोकाड पसरायची की गल्लीने तिचं नावच भोंगा ठेवलं. मोठी झाल्यावर तोच आवाज गाऊ लागला. ती स्वतः गाणी रचायची आणि मित्रमैत्रिणींना जमवून चाली लावायची. नळदुरुस्ती करणारा एक काका त्यांच्यात माउथ ऑर्गन वाजवायचा. पण त्यांची गाणी लावणार कोण? मोठ्या रेडिओ कंपन्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तुम्हाला ओळखतं कोण, असं विचारलं.

मग या मंडळींनी कंबर कसली. दारोदार फिरून लोकांना पटवलं, सरकारी ऑफिसात खेटे घातले आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत गावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. माझ्या तबकडीचा एक कोपरा जन्मापासून रिकामा होता. तिथे काटा नेला की नुसती खरखर. त्याच कोपऱ्यात एका सकाळी भोंगाचा आवाज आला, "नमस्कार मंडळी, ऐकू येतंय का?" धाकट्या मालकांच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांना रडू आलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपले केस बिघडले.

हे केंद्र मोबाईलवर लागत नसे. त्यामुळे घराघरांतल्या माळ्यांवरून माझे जातभाई खाली उतरले. केंद्राची एक रीत होती. गाणाऱ्याने आधी आपली गल्ली आणि आपलं काम सांगायचं, मग गायचं. "मी विहिरीच्या गल्लीतली, दवाखान्यात नर्स आहे," असं कोणी म्हणालं की त्या गल्लीतल्या सगळ्या रेडिओंचे आवाज एकदम मोठे व्हायचे. भोंगाचं आजीच्या गुडघ्यांवरचं गाणं तर सगळ्यांना पाठ झालं. गुडघे जिना चढताना काय काय बोलतात, असं ते गाणं. आजी वरवर चिडायची, "माझ्या दुखण्याचा तमाशा मांडलाय मेलीने!" पण ते लागलं की माझा आवाज वाढवायला तीच पहिली यायची.

अशी सगळी मजा चालली असताना बातमी आली. केंद्राचा परवाना संपत होता. एका मोठ्या कंपनीला तबकडीवरची तीच जागा हवी होती आणि तिने वर सरकारात सांगितलं होतं की हे केंद्र कोणी ऐकतच नाही. खरंखोटं पाहायला एक साहेब येणार होते. त्यांना पटलं नाही तर केंद्राला टाळं लागणार. भोंगाने जेवण सोडलं. "बाबा, आम्ही बोलतो ते कोणाकोणापर्यंत पोहोचतं, हे दाखवायचं कसं?" ती विचारायची. खरंच होतं तिचं. बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही, ही रेडिओची जुनीच अडचण आहे.

पण भोंगाच ती! तिला एक युक्ती सुचली. आणि मित्रांनो, इथेच त्या शहाण्या मंडळींनी अशी चूक केली जी फक्त रेडिओवालेच करू जाणोत.

साहेब येणार होते त्या दिवशी सकाळी दुकानात एक अनोळखी पाहुणा दाढीला बसला होता. माणूस शांत होता, थोडा दमलेला दिसत होता. त्याने आपली बॅग माझ्याच शेजारच्या खुंटीला अडकवली. तेवढ्यात माझ्यातून भोंगा बोलू लागली.

"मंडळी, नीट ऐका. आज दुपारी साहेब स्टँडवरून केंद्रापर्यंत चालत येणार आहेत. ज्यांच्याकडे रेडिओ आहे त्यांनी तो खिडकीत ठेवा, दारात ठेवा, आवाज पूर्ण सोडा. साहेब जिथून जातील तिथे गाणं चालू पाहिजे, मध्ये तुटायला नको. आणि हो, हे आपल्यातच ठेवा. साहेबांना अजिबात कळता कामा नये!"

धाकट्या मालकांची छाती फुगली. "ऐकलंत? माझी मुलगी. डोकं बघा पोरीचं!"

"कोण साहेब येतायत?" पाहुण्याने विचारलं.

"असेल कोणीतरी, खुर्ची उबवणारा. मान जरा वर करा. आमचं केंद्र कोणी ऐकत नाही म्हणे! ऐकत नसतो तर याला मी रोज पुसून ठेवला असता का? आज त्या साहेबाला असा चकवतो बघा."

"अच्छा," पाहुणा म्हणाला.

"कोणाला सांगू नका हं."

"नाही सांगत," पाहुणा म्हणाला.

मित्रांनो, मी काय पाहत होतो ते तुम्हाला सांगतो. खुंटीवरच्या त्या बॅगेवर साहेबांच्या ऑफिसचं नाव ठळक छापलेलं होतं. साहेब सकाळच्याच बसने आले होते आणि भेटीआधी दाढी करून नीटनेटके व्हावे म्हणून नेमके आमच्या खुर्चीत बसले होते! मला ओरडावंसं वाटलं, "मालक, गप्प बसा!" पण माझं दुर्दैव असं की मला फक्त दुसऱ्यांचंच बोलता येतं. त्या वेळी माझ्यातून नळवाल्या काकांचा माउथ ऑर्गन वाजत होता. मालक त्याच्या ठेक्यावर साहेबांची हनुवटी तासत होते.

साहेब उठले, बॅग घेतली आणि निघून गेले. आजी नेमकी तेव्हाच मागच्या दारातून आत आली. तिची नजर अजून तीक्ष्ण आहे.

"अरे, ती बॅग... तो तर तुमचा साहेबच होता!"

मालकांचं तोंड साबणासारखं पांढरं पडलं. त्यांनी भोंगाला फोन लावला. केंद्रात असताना तिचा फोन बंद असे. ते तसेच धावत वाचनालयात गेले, तर ती फोन तिथेच ठेवून साहेबांना आणायला लवकरच स्टँडकडे निघून गेलेली. गळ्यात टॉवेल आणि हातात कंगवा तसाच ठेवून मालक परत आले आणि खुर्चीत मटकन बसले.

"मी घात केला पोरीचा. आता काय करायचं, आई?"

"काय करायचं म्हणजे? सांगितलंय ना तिने? ठेव त्याला खिडकीत."

त्यांनी मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानाबाहेर तोंड करून बसलो आणि गल्ली पाहून माझे डोळेच दिपले. मला डोळे नाहीत, पण समजून घ्या. समोर शिंप्याच्या ओट्यावर एक रेडिओ. वर गॅलरीत एक, फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये. सायकल दुरुस्तीवाल्याने त्याचा रेडिओ चक्क दुकानातल्या सायकलीच्या सीटवर बांधला होता. आणि सगळ्यांतून एकच गाणं, आजीच्या गुडघ्यांचं! मीही जीव तोडून गायलो.

लांबून साहेब आणि भोंगा चालत आले. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. साहेब आमच्या दारात थांबले. मालकांनी मान खाली घातली.

"ताई, गाणं छान आहे," साहेब म्हणाले. "पण हा सगळा ठरवून केलेला देखावा आहे. मला सकाळीच कळलं होतं."

भोंगाचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मी या खुर्चीत बसलो होतो."

भोंगाने वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्या भरलेल्या गल्लीकडे. मला वाटलं आता ही रडणार. पण तिचा आवाज उलट खणखणीत झाला.

"साहेब, मी ते सकाळी एकदाच सांगितलं. फक्त रेडिओवर. कोणाच्या दारात गेले नाही, कोणाला फोन केला नाही. मग एवढे रेडिओ खिडकीत आले कसे?"

साहेबांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. आजी खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, "बसा हो. माझ्या गुडघ्यांचं शेवटचं कडवं राहिलंय." साहेब हसले आणि खरंच बसले. गाणं संपेपर्यंत उठले नाहीत. जाताना मालकांना म्हणाले, "तुमची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही बरं का." मालकांचा जीव भांड्यात पडला.

काही आठवड्यांनी भोंगाने माझ्यातूनच सांगितलं की परवाना मिळाला. त्या कोपऱ्यात आजही आपलीच माणसं गातात, मी त्याच खिडकीत आहे आणि टीव्ही बहुतेक वेळ बंद असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू फेकू नका, पुसून वापरा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या गावातही कोणी नर्स, कोणी नळवाला बंद खोलीत बसून गात असेल. त्याला समोर भिंतीखेरीज काही दिसत नसतं. तो रस्त्यात भेटला तर थांबा आणि म्हणा, "काल तुमचं गाणं ऐकलं." असं कोणी म्हटल्यावर माणूस पुढच्या वेळी कसा गातो, ते मी रोज ऐकतो. तुम्हीही ऐकून पाहा.