उभे राहिलेले बावीस माग

पूर्वी कानिटकर पुण्याहून गुडगावला आली ती दोन सुटकेस आणि पोतंभर शिस्त घेऊन. चादरी, पडदे, ब्लँकेटं विकणाऱ्या ‘गृहरंग’ कंपनीने तिला खरेदी विभागाची प्रमुख नेमलं होतं. वय तेहेतीस. सहा महिने चाचणीचे, ते नोव्हेंबरात संपणार आणि मग नोकरी पक्की. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, मनाने तर लोण्याची होती. पण हे शेवटचं कोणाला कळू नये याची काळजी ती फार घ्यायची.

तिच्या हाताखाली विश्वनाथ गोखले. अठ्ठावन्न वर्षांचे, जन्म दिल्लीचा, राहायला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कारण बायको केंद्र सरकारात. सत्तावीस वर्षं ते कंपनीसाठी माल आणत होते आणि त्यांच्या पद्धतीत संगणकाला फारसं काम नव्हतं. कुठल्या कारखानदाराच्या आईला मोतीबिंदू आहे, कोणाचा रंगारी दसऱ्यानंतर गावी जातो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

आल्या आल्या पूर्वीला छळलं ते पानिपतच्या बलदेवराज चुघ यांनी. म्हातारा कंपनीला एकोणीस वर्षं ब्लँकेटं पुरवत होता आणि रोज सकाळी नऊच्या ठोक्याला फोन करायचा. “बेटी, नाश्ता किया?” इथून सुरुवात. मग लुधियानाचं सूत यंदा जरा केसाळ आहे, तुम्ही लिहिलेला हिरवा कागदावर छान दिसतो पण लोकरीवर शेवाळासारखा दिसेल, असं पंचवीस मिनिटं पुराण. तिच्या घरी वडीलसुद्धा इतकं बोलत नसत.

“विश्वनाथजी, हा माणूस पुरवठादार आहे की लांबचा मामा?”

“मॅडम, दोन्ही समजा. दिल्लीत असंच चालतं यार, सॉरी, मॅडम.”

पूर्वीने ते चालवून घेतलं नाही. महिन्याभरात तिने पोर्टल सुरू केलं. यापुढे ऑर्डर, शंका, तक्रार, सारं पोर्टलवर, फोन बंद. प्रत्येक पुरवठादाराला गुण. माल सात दिवसांहून उशिरा आला, तर लाल शेरा. उशिरात दोष पुरवठादाराचा निघाला, तर दोन वर्षं यादीतून बाहेर. तिचा वरिष्ठ अनुराग सक्सेना खूश झाला. कागदावर ते सगळं बरोबरच होतं, त्यात पोरीची चूक काढायला जागा नाही.

चूक जूनमध्ये झाली. विश्वनाथ बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्याच आठवड्यात पानिपतहून एक माणूस येऊन लाल कापडात बांधलेला मिठाईचा भलामोठा डबा ठेवून गेला. वर चुघांच्या नातीच्या, सलोनीच्या लग्नाची पत्रिका. कंपनीचा नियम होता की पुरवठादाराकडून काही घ्यायचं नाही. दुसऱ्या कोणी डबा ऑफिसात वाटून टाकला असता आणि नियमाला पेढा भरवला असता. पण आपली पूर्वी पडली सदाशिव पेठेतली. तिने डबा न उघडता कुरिअरने परत पाठवला आणि सोबत छापील पत्र जोडलं: “कंपनीच्या धोरणानुसार भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत. कृपया पुन्हा पाठवू नयेत. संपर्कासाठी फक्त पोर्टल वापरावे.” पुण्यातल्या एखाद्या फाटकावर शोभावं असं पत्र. शुभेच्छांचं एक अक्षर नाही. तिला वाटलं, काम झालं.

रजेवरून आलेल्या विश्वनाथांनी हे ऐकलं आणि खुर्चीत बसकणच मारली.

“मॅडम, डबा परत केला? लग्नाचा?”

“नियम आहे.”

“नियम ठीक आहे हो. पण इकडे लग्नाची मिठाई परत पाठवतात ती नातं तोडायला. सख्खे भाऊ भांडले की असं करतात. मग पंधरा पंधरा वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत.”

“आपलं त्यांच्याशी नातं नाही, करार आहे,” पूर्वी म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. मनात कुठेतरी टोचलं होतं. तिने ते टोचू दिलं नाही.

पोर्टलला न जुमानता चालू राहिलेला नऊचा फोन डबा परत गेल्यापासून मात्र बंद. पूर्वीला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगा! तीन महिने चुघांचा माल वेळेवर आला, मोजून मापून आला आणि त्यांचे गुण वाढत वाढत सत्त्याण्णववर गेले. मीटिंगमध्ये तिने तो आलेख अभिमानाने दाखवला. विश्वनाथ तेवढे खिडकीबाहेर बघत होते. आधी चुघांच्या मालात शंभरामागे दोन-तीन ब्लँकेटं जास्तीची असायची, कुठे डाग निघाला तर असू द्या म्हणून; ती आता येत नव्हती. कोणता रंग धुण्यात उतरेल हे आता कोणी आधी सांगत नव्हतं. आलेखात या गोष्टींना रकानाच नव्हता.

सप्टेंबरअखेर मोठी ऑर्डर आली. पहाडातल्या एका हॉटेल-समूहाला नऊ हजार डबलबेडची ब्लँकेटं हवी होती. हॉटेलांकडे माल पाच नोव्हेंबरनंतर जाणार होता; गोदामात मात्र पहिले तीन हजार नग दहा ऑक्टोबरला आणि सगळा माल पाच नोव्हेंबरला यायला हवा होता. ही ऑर्डर नीट पार पडली की पूर्वीची नोकरी पक्की, असं अनुरागने बोलूनच दाखवलं होतं. एवढ्या कामाला मोठे माग एकट्या चुघांकडे होते. पूर्वीने स्वतःच्या हाताने ऑर्डर पोर्टलवर भरली.

दहा तारीख गेली. सतराही गेली. माल नाही. अठराला सकाळी चुघांच्या नावापुढे लाल शेरा उगवला.

“जायला हवं,” विश्वनाथ म्हणाले.

“जाऊ या. पण यादीतून काढायची नोटीस घेऊनच,” पूर्वी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, कारण ती घाबरली होती.

गाडीत पुण्याहून आईचा फोन आला. पानिपतला निघालेय म्हटल्यावर आई म्हणाली, “जपून गं बाई. तिकडे आपलं कधी काही धड झालेलं नाही.” एरवी पूर्वी हसली असती. आज तिने फोन ठेवला आणि मुरथळचे ढाबे मागे पडेपर्यंत नोटिशीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

चुघांच्या कारखान्यात पुढच्या दालनातले माग धडधडत होते. मागच्या मोठ्या दालनात मात्र शांतता. बावीस माग ओळीने उभे, सगळ्यांवर सूत चढवलेलं, गडद निळं, सुरेख रंगवलेलं. कारागीर एकेका मागावरची धूळ फडक्याने पुसत होते. चुघ पांढऱ्या कुर्त्यात स्टुलावर बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस. पूर्वीला पाहून उठले, हात जोडले. “बेटी” म्हणाले नाहीत.

“आइए मॅडम.”

“चुघसाहब, माल कहाँ है? आठ दिन ऊपर हो गए. मेरी नौकरी का सवाल है, और आपके माग खड़े हैं?” तिच्या हिंदीत मराठी घुसायचं, रागात जास्तच.

म्हाताऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिचीच ऑर्डर, छापलेली. एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. लांबी दोनशे चाळीस सेंटिमीटर. रुंदी एकशे वीस.

पूर्वीने तो आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. डबलबेडच्या ब्लँकेटची रुंदी दोनशे वीस असते हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. बोट एक कळ चुकलं होतं.

“एकशे वीसमध्ये नवरा-बायकोपैकी एकच झोपणार,” विश्वनाथ तिच्या खांद्यावरून वाचत हळूच म्हणाले. “दुसरा रात्रभर भांडणार.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” ती मराठीतच बोलून गेली. मग सावरून हिंदीत, “बताया क्यों नहीं?”

“बताया,” चुघ म्हणाले. “आपने लिखा था, फोन नहीं, पोर्टल. पहले ही दिन पोर्टल पर लिखवाया. जवाब आया, आपकी शंका दर्ज कर ली गई है, धन्यवाद. फिर लिखवाया. फिर धन्यवाद.”

पूर्वीने फोनवर पोर्टल उघडलं. शंकांची पेटी तिच्याच नावाची होती. न उघडलेल्या शंका तीनशे बारा. गुणांचे आलेख ती रोज बघायची. ही पेटी बघायची राहूनच गेली होती. चुघांचे चार निरोप तिथे एकाखाली एक पडून होते.

“एक फोन तर करायचा,” विश्वनाथ म्हणाले. “मला करायचा, चुघसाहब.”

“हाथ में लिया था फोन. तीन बार.” म्हातारा जमिनीकडे बघत होता. “जिस घर ने मेरी पोती की शादी की मिठाई लौटा दी, वहाँ कैसे करता? इज्जत नहीं मानी. लड़के बोले, बाऊजी, जो लिखा है वही बुन दो, हमारी क्या गलती. मैं मागाजवळ... मैं लूम तक गया भी. नहीं हुआ मुझसे. पता है कि गलत है, तो कैसे बुनूँ?”

एकोणीस वर्षं विश्वनाथांशी बोलून म्हाताऱ्याच्या तोंडी मराठी शब्द बसले होते. फोन त्याला करवला नाही आणि चुकीचं विणवलं नाही, म्हणून अठरा दिवस तो बावीस माग उभे ठेवून बसला होता. पूर्वीने आणलेली नोटीस तिच्या पर्समध्ये होती. तिला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. ती त्या बंद मागांपाशी उभी राहिली आणि सगळ्या कारागिरांसमोर रडली. मग वाकून तिने म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

“शादी का मुझे समझा नहीं,” ती म्हणाली. “मैं गधी हूँ. माफ करो.”

चुघांनी तिला दंडाला धरून उठवलं. “बस बस. लड़कियाँ पैर नहीं छूतीं हमारे यहाँ. अब ये बता, दो सौ बीस?”

“दो सौ बीस.”

“अकेले अपने लूम से नहीं होगा अब. दिन कम हैं.” ते कारागिरांकडे वळले आणि एवढ्या जोरात ओरडले की पुढच्या दालनातलेसुद्धा धावत आले. शेजारच्या तीन कारखानदारांना त्यांनी तिथूनच फोन लावले. त्यातल्या एकाशी त्यांचं भिंतीवरून कोर्टात चाललं होतं, त्यालाही लावला. संध्याकाळपर्यंत त्याचे सहा माग मिळाले. करारात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि कुठल्या पोर्टलने ते मागून मिळालंही नसतं.

पाच नोव्हेंबरला दुपारी शेवटचा ट्रक गोदामात लागला. नऊ हजार नग, आणि वर दोनशे जास्तीचे. हॉटेलवाल्यांना काही कळलंही नाही.

लाल शेरा मात्र तसाच होता. त्याचं कारण पूर्वीला भरायचं होतं, तेही तिची नोकरी पक्की करायच्या सहा तारखेच्या मीटिंगआधी. ऑर्डरमधली चूक तिला, विश्वनाथांना आणि पानिपतला सोडून कोणाला ठाऊक नव्हती. ट्रकबरोबर चुघांनी निरोपच धाडला होता: लिहून टाक, मशीन बिघडलं होतं. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे, माझं काय, दोन वर्षं बाहेर बसेन.

दोन वर्षं बाहेर म्हणजे काय ते पूर्वीला माहीत होतं. त्यांचं निम्मं काम ‘गृहरंग’चं होतं. ते बावीस माग विकावे लागले असते.

पोर्टलवर कारणांची यादी उघडली. कच्चा माल. मजूर. वीज. यंत्रात बिघाड. वाहतूक. ही यादी तिनेच बनवली होती, आणि तिच्यात कंपनीची स्वतःची चूक बसेल अशी जागाच नव्हती. तिने ‘इतर’वर बोट ठेवलं आणि लिहिलं: “ऑर्डरमधली रुंदी मी चुकीची भरली. पुरवठादाराने चार वेळा कळवलं, मी वाचलं नाही. त्यांनी माग थांबवले म्हणून नऊ हजार ब्लँकेटं वाचली. पूर्वी कानिटकर.”

“मॅडम, जरा मऊ लिहा ना,” विश्वनाथ मागून म्हणाले. “नोकरी आहे.”

“कळतंय मला,” म्हणत तिने कळ दाबली.

मीटिंगमध्ये अनुरागने ते वाचलं, चष्मा काढला आणि तिची चाचणी आणखी सहा महिने वाढवली. पगारवाढही गेली. चुघांच्या नावापुढचा लाल शेरा त्याने तिथल्या तिथे पुसायला लावला.

ती जागेवर पोचते तोच फोन वाजला. पोर्टलवर लिहिलेलं कारण पुरवठादारालाही जात असे.

“ये क्या लिख दिया तूने?” चुघ अक्षरशः ओरडत होते. “पागल है? मैंने कहा था न, मशीन लिख दे! अब तेरा क्या होगा?”

“छह महीने और देखेंगे मुझे,” पूर्वी म्हणाली. “चुघसाहब, आपसे गलत बुना नहीं गया. तो मुझसे गलत कैसे लिखा जाता?”

पलीकडे म्हातारा बराच वेळ नाक शिंकरत होता. तिने फोन ठेवला नाही.