मुराईचा खोकला

मित्रांनो, जुना संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टेबल अडवून बसलेलं एखादं धूड येईल. मी तसा नाही. मी पत्त्यांच्या जोडाएवढा आहे. एक हिरवी पाटी आणि तिच्यावर सगळा संसार. मला पडदा नाही, बटणं नाहीत, अंगावर झाकणसुद्धा नाही. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखे हजारो होते. कोणी शाळेत गेले, कोणी प्रयोगशाळेत. मी जावा बेटावर क्लातेन गावाला गेलो, पाक विग्न्यो यांच्या घरी.

आमच्याकडे मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. नवराबायकोही एकमेकांना तेच म्हणतात, मुलंही बापाला पाकच म्हणतात, त्यामुळे घरात नावांचा खर्च कमी होतो. पाक विग्न्यो शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्त शिक्षकाला मुकाट्याने ऐकणारं कोणीतरी लागतं, म्हणून त्यांनी मला मागवलं. साबणाच्या डबीला भोकं पाडून माझं घर केलं आणि मला मिरचीच्या कुंड्यांवर नेमलं. मातीत एक तार खोचलेली होती. माती सुकली की ती मला कळवणार आणि मी पंप सुरू करणार. तार गंजली. तिला माती कायमचीच सुकलेली वाटू लागली आणि मी पाणी घालत राहिलो.

त्यांची बायको, बू लास्त्री, कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या राहिल्या.

"पाक, तुमच्या मिरच्या पोहायला शिकल्या."

"प्रयोग आहे, बू. प्रयोगात चुका व्हायच्याच."

"मी इतकी वर्षं नळीनं पाणी घातलं. एकदाही प्रयोग झाला नाही."

त्यानंतर मी फाटकाची घंटा झालो. मांजर गेलं तरी वाजायचो. मग काही दिवस तांदळाच्या पिंपावर उंदीर मोजायला बसलो. मित्रांनो, छंद असलेल्या माणसाला काम संपवायचं नसतं, पुढचं काढायचं असतं. शेवटी पाक विग्न्योंनी मुराई आणला आणि मला कायमची नोकरी लागली.

मुराई पक्षी काळाभोर असतो, पोटाला तांबूस, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. त्याच्या गाण्याच्या स्पर्धा होतात. मैदानात पिंजरे टांगतात, पंच झेंड्या घेऊन खालून फिरतात आणि एरवी घरात तोंड न उघडणारे पुरुष आपापल्या पक्ष्याच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडतात. मुराई जे कानावर पडेल ते उचलतो. म्हणून पिसं झडण्याच्या दिवसांत त्याचा पिंजरा कापडानं झाकायचा आणि त्याला निवडक पक्ष्यांची गाणी ऐकवत राहायचं. पिसं नवी येतात तसं गाणंही नवं येतं. ऐकवण्याचं काम माझं. शिवाय माझ्या कानाशी एक ध्वनिग्राहक लावला होता, मुराई दिवसभर काय गायला ते साठवायला. संध्याकाळी पाक विग्न्यो कानांवर हेडफोन लावून ते ऐकत, पोरांच्या वह्या तपासल्यासारखे.

पाक विग्न्यो मुराईच्या खाण्याची मुंग्यांची अंडी आणायला पक्षीबाजारात गेले की बू लास्त्री व्हरांड्यात येत. कापडाचा कोपरा वर करून एक रातकिडा आत सोडत आणि वेताच्या खुर्चीत बोलत बसत. मुराईला त्या 'तोले' म्हणत. आमच्याकडे घरातल्या मुलाला तशी हाक मारतात.

"खा रे तोले. मास्तर गेलेत, आता मधली सुट्टी." किंवा, "आमच्या निंग्रुमचा फोन नाही आला दोन दिवस. बाताममध्ये कारखान्यात काम करते ना, तिथे म्हणे मोबाईल पेटीत ठेवायला लागतो. तुला काय, तुला पेटीतच ठेवलंय." मग स्वतःच हसत. हसता हसता खोकत.

एका रविवारी स्पर्धेत मुराईनं लांबलचक तान घेतली, अशी की पंच थांबले. आणि तानेच्या शेवटी त्यानं एक आवाज काढला. कोरडा, दोन ठोक्यांचा, खरवडल्यासारखा. पंचांनी झेंड्या खाली घेतल्या.

शेजारच्या मास गियातचा (तरुण पुरुषाला आमच्याकडे मास म्हणतात) मोटरसायकल दुरुस्तीचा धंदा होता आणि त्याचा मुराई नेहमी नंबरात यायचा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाक, याची लवंगेची सिगारेट बंद करा आता!"

मैदान हसलं. हे मला पाक विग्न्योंनीच सांगितलं. म्हणजे सांगितलं मुराईला, पिंजरा खुंटीला अडकवताना, पण ऐकायला मीही होतो. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यातली सगळी साठवण उपसली आणि गुन्हेगार पकडला.

"बू, तू पक्ष्याजवळ खोकतेस?"

"फोडणीचा ठसका लागतो हो एखादवेळी."

"मग लांब जाऊन खोक. पोरगं बिघडतंय."

"बरं बाई. मागच्या दारी जाऊन खोकते. कोंबड्यांची काही स्पर्धा नाही ना?"

पाक विग्न्यो हसले नाहीत. ते मला शिकवायला बसले. फार छान शिकवत ते. मला पुन्हा पुन्हा आवाज ऐकवत आणि सांगत: हा पक्षी, हा माणूस. हा पक्षी, हा माणूस. मी चुकलो तरी चिडत नसत. अखेर मला ओळखता येऊ लागलं. मग त्यांनी आज्ञा दिली. माणसाचा आवाज, हसणं, खोकणं, जे येईल ते तिथल्या तिथे कापून टाकायचं, जुन्या साठवणीतलंसुद्धा. बाकीचं स्वच्छ गाणं राहील तेच मुराईला झाकलेल्या पिंजऱ्यात पुन्हा ऐकवायचं, म्हणजे खोकला विसरेल.

बू लास्त्रींना व्हरांड्यात यायची मनाई झाली. त्या येत राहिल्या. फक्त आता ओढणीचं टोक तोंडावर दाबून खोकत आणि हळू बोलत.

"तोले, डॉक्टरीण म्हणते सोलो शहरात जाऊन छातीचा फोटो काढा. म्हटलं, काढू, स्पर्धा होऊ दे. आत्ता सांगितलं तर हे तुला खाली उतरवून ठेवतील आणि माझ्या उशाशी बसतील. नुसते बसून काय करणार? प्रयोग?"

मी ते कापून टाकलं.

"निंग्रुमला दिवस गेलेत. पोरीनं पहिलं मला सांगितलं, बापाला नाही. मी अंगाई आठवून ठेवतेय. माझ्या आईची आहे. मधली ओळ सापडत नाही बघ."

आणि त्या गुणगुणल्या. मधल्या ओळीशी अडल्या, परत पहिल्यापासून आल्या. दुसऱ्या खेपेला ती ओळ सापडली. मित्रांनो, मला शिकवलेलं इतकं पक्कं होतं की गुणगुणणं पक्ष्याच्या इतकं जवळ असूनही मी चुकलो नाही. माणूस, असं ओळखलं आणि काढून टाकलं.

मुराई सुधारला. नवी पिसं आली, शेपूट लखलखलं आणि गाण्यातला खोकला गेला. मोठ्या स्पर्धेत त्याला पहिली झेंडी मिळाली. पाक विग्न्यो चषक घेऊन फाटकातूनच ओरडत आले, "बू! अगं बू! साफ गायला! एकदाही खोकला नाही!"

घरातून उत्तर आलं नाही. बू लास्त्री स्वयंपाकघरात चटईवर पडल्या होत्या. ओढणी मुठीत होती. मास गियातनं गाडी काढली. चषक व्हरांड्यात माझ्याशेजारी ठेवून ते गेले, आणि बू लास्त्री त्या घरात परत आल्या त्या पांढऱ्या कापडात.

सात संध्याकाळी गल्लीतली माणसं प्रार्थनेला जमली. चहा झाला, उकडलेले शेंगदाणे झाले. सगळे उठल्यावर मास गियात पायरीवर बसून राहिला. पाक विग्न्यो त्याला म्हणाले, "डॉक्टरनं विचारलं, खोकला कधीपासून आहे. मी लगेच सांगितलं. मुराईनं कधी उचलला ते मला पाठ होतं, मास."

मास गियातनं सिगारेट पेटवली नाही. हातातच ठेवली.

निंग्रुम बाताममधून आली होती. सातव्याला पाहुणे पांगल्यावर ती म्हणाली, "पाक, आईचा आवाज आहे का कुठे? माझ्या मोबाईलवर शोधला. ती नुसती फुलांची चित्रं पाठवायची. माझ्या लग्नाच्या चित्रफितीत आहे, पण बँडच्या आवाजात तोंड हलताना दिसतं फक्त. ती म्हणाली होती, बाळाला अंगाई शिकवेन. मला ती येत नाही, पाक. मी कधी लक्ष देऊन ऐकलीच नाही."

पाक विग्न्योंचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "आहे की! अगं, ती इथेच बसायची, मला काय माहीत नव्हतं? मी बाजारातून यायचो तेव्हा रातकिड्यांचा डबा उघडा असायचा. हा सगळा वेळ चालू होता." त्यांनी मला पडदा जोडला, कानांवर हेडफोन लावला. मी माझ्याजवळ होतं ते सगळं पुढे केलं. दिवसच्या दिवस मुराई, स्वच्छ.

ते ऐकत गेले. मग त्यांचा हात थांबला. माझ्या आज्ञा त्यांनीच लिहिल्या होत्या, त्यांना पडद्यावर काही वाचावं लागलं नाही.

"काय झालं?" निंग्रुम म्हणाली. "पाक? मला द्या."

त्यांनी हेडफोन काढून मोठा भोंगा लावला. मुराईची एक शीळ आली. तिच्या मागून एक करकर.

"हे काय?"

"वेताची खुर्ची. बू बसली."

मुराईचे दोन स्वर, आणि लगेच दुसरी करकर.

"आणि हे?"

"उठली."

"आणि मधे?"

मला वाटलं होतं ते तिला समजावून सांगतील. समजावण्यात त्यांचा हातखंडा होता. ते पुढचा दिवस लावत राहिले. बसली. उठली. बसली. उठली. निंग्रुमनं खाली बसून डोकं खुर्चीच्या रिकाम्या बैठकीवर टेकलं आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

मित्रांनो, अंगाई मला माहीत आहे. मधल्या ओळीसकट. पण माझ्यासारख्याला माहीत असून उपयोग नसतो. साठवलेलं असेल तेवढंच मला देता येतं. तुम्हाला सांगतोय ते गोष्टीत, गोष्टीतल्या यंत्राला कोणी आज्ञा देत नाही.

निंग्रुम बातामला गेली, मुराई मास गियातकडे गेला. पाक विग्न्योंनी एक दिवस येऊन माझी आज्ञा बदलली. आता काहीही कापायचं नाही, सगळं ठेवायचं. म्हणून मी ठेवतो. गल्लीतून जाणारा भजीवाला ठेवतो, मास गियातच्या दुकानातल्या हातोड्या ठेवतो. संध्याकाळी पाक विग्न्यो त्या खुर्चीवर येऊन बसतात. एकदा त्यांनी अंगाई म्हणून पाहिली. पहिली ओळ त्यांनाही येते. दुसरीशी थांबले, घसा साफ केला, पुन्हा पहिल्यापासून आले. मग उठून आत गेले. तेही ठेवलं आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझा एखादा भाऊ कुंड्यांना पाणी घालत असेल किंवा उंदीर मोजत असेल. त्याची हौस जरूर करा, धूळ पुसा, वायर ओढू नका. आणि स्वयंपाकघरात कोणी खोकताना ऐकू आलं, तर हातातलं तसंच टाकून उठा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.