आरशासारखी फियाट

माइक हातात आला की कुंडलिक पाटलाचं भान सुटतं, हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खडवलीला मुलीच्या साखरपुड्यात तुळसा मुद्दाम माइकवाला आणि नवरा यांच्या मधोमध बसली होती. तरी फिरत फिरत माइक त्याच्यापर्यंत आलाच. व्याह्यांचे आभार मानायचे होते, तेवढे मानून खाली बसायचं. पण कुंडलिक बोलून गेला, की आमची कल्पिता सासरी येईल ती तिच्या आजोबांच्या फियाटमधून, आणि गाडी अशी असेल की बघत राहाल.

टाळ्या पडल्या. तुळसाने खाली मान घातली, कारण त्या घडीला आजोबांच्या फियाटमध्ये मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

ही फियाट कुंडलिकच्या बापाने, धोंडीबाने घेतलेली. तेव्हा कल्याण-शीळ रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातशेतीच होती. शेतात इमारती उभ्या राहिल्या, गोठ्यातली गुरं गेली आणि तिथे गाडी आली; पुढे धोंडीबाही गेला आणि गाडी तिथेच राहिली. कुंडलिकला यंत्रातलं काही कळत नव्हतं, आणि तोवर त्याने कोणाचं काही बिघडवलंही नव्हतं. साखरपुड्यानंतर मात्र तो मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला आणि त्याला सगळं कळायला लागलं. कोणी "गाडीची दुरुस्ती कुठवर आली?" म्हणून विचारलं, तर तो थांबवून सांगायचा, दुरुस्ती नाही, रिस्टोरेशन. तुळसाने ते एकदा "रेस्टॉरंट" असं म्हटलं. चुकून की मुद्दाम, हे त्याला कधीच कळलं नाही.

गाडी कल्याणच्या एका रंगाऱ्याकडे गेली. तो रघु नावाचा माणूस, हाताला चांगला. त्याचं म्हणणं होतं की बाहेरून रंग देऊ, आत इंजिनाच्या बाजूला नुसतं पुसून घेऊ. कुंडलिकला ते पटेना. बॉनेट उघडलं की त्यात बघून भांग पाडता आला पाहिजे, असं त्याने सांगितलं. रघु म्हणाला, "शेठ, आत कोण बघणार?" त्यावर कुंडलिकने त्याला परदेशातल्या कुठल्याशा गाडीचा व्हिडिओ पूर्ण बघायला लावला. मग आतला पत्रा, इंजिन, कोपरे, बोल्टांच्या जागा, सगळीकडे रंगाचे थरावर थर चढले. कुंडलिक रोज जाऊन बोट दाखवायचा, इथे अजून एक हात मार.

गाडी टेम्पोवर चढून गावात आली तेव्हा तिला बघायला अर्धं गाव जमलं. मोतिया रंग, चकाकणारं क्रोम, मऊ लाल सीटा. दिवे झगझगीत लागले, हॉर्न खणखणीत वाजला. कुंडलिकने चारी बाजूंना बघून घेतलं, आत बसला आणि सेल्फ मारला.

खट्.

पुन्हा मारला. पुन्हा खट्. कोणीतरी म्हणालं, लाजते आहे. मग चार जणांनी धक्का दिला आणि गाडी चालू झाली. कुंडलिकने गावाला फेरी मारली. चोक आत ढकलायला गेला तर डॅशबोर्डातून इंजिनापर्यंत जाणाऱ्या त्याच्या तारेने चटकन बोट भाजलं. जुनं इंजिन आहे, तापणारच, असं त्याने स्वतःला समजावलं आणि बोट तोंडात घालून हसत हसत फेरी पुरी केली.

त्यानंतर दुरुस्तीचा, म्हणजे रिस्टोरेशनचा, खरा अध्याय सुरू झाला. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी छोटी आहे, म्हणून मोठी आली. शीळफाट्याचा रवींद्र इलेक्ट्रिशियन म्हणाला सेल्फच गेला आहे. त्याने तो काढला, नव्याने बांधून चकचकीत नव्या बोल्टांनी बसवला, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की आता म्हातारी धावत सुटेल. म्हातारी जागची हलली नाही. तिसऱ्याने प्लग बदलले, चौथ्याने कॉइल. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा आणि कुंडलिक प्रत्येकावर तितकाच विश्वास ठेवायचा, कारण प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत त्याने ऐकलेलं असायचं.

धक्क्याने मात्र ती दर वेळी चालू व्हायची. त्यामुळे व्हायचं असं, की कुंडलिक पांढरा शर्ट घालून रस्त्यावर दिसला की नाक्यावर उभे असलेले लोक घाईघाईने घड्याळात बघायचे. ज्या चुलतभावाशी तो बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हता, त्याच्याही दारात तो धक्क्यासाठी जाऊन उभा राहिला. चुलतभावाने धक्का दिला. बोलला मात्र नाही.

लग्न तोंडावर आलं. तुळसाने सुचवलं की सुमितची जीप फुलांनी सजवू, काय वाईट आहे? सुमित म्हणजे तिचा भाचा.  वरात निघाली आहे, खडवलीचे पाहुणे बघत आहेत आणि नवरानवरीच्या गाडीला मागून धक्का मारत आहेत, हे चित्र कुंडलिकला जेवताना ताटात दिसायला लागलं होतं. माइकवर बोललेलं परत कसं घ्यायचं, याचा व्हिडिओ त्याला कुठे सापडला नाही.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारी अंगणात मांडवाखाली कल्पिताला हळद लागत होती, धवलारीण गंगुबाई धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गात होती. कुंडलिक कपाळाला हळद, हाताला हळद अशा अवस्थेत बाजूला उभ्या फियाटचं बॉनेट उघडून उभा होता. सुमितने जीप शेजारी लावली. तिच्या बॅटरीवरून दोन वायरी जोडून गाडी चालू करून बघायची होती. लाल चिमटा फियाटच्या बॅटरीला लागला. काळी वायर तेवढी लांब नव्हती. सुमित जीप पुढे घेतो म्हणाला. पण कुंडलिकला धीर कुठला? त्याने काळा चिमटा हाताला येईल तिथे, रवींद्रने बसवलेल्या सेल्फच्या नव्या बोल्टाला लावून टाकला आणि सेल्फ मारला.

गाडी एका झटक्यात चालू झाली.

गंगुबाईचा धवला अर्ध्यात थांबला. लोक उठून आले. कुंडलिकने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं की जीपची बॅटरी दमदार आहे, तसलीच आणायला पाहिजे. मग चिमटे काढले, गाडी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला. खट्.

तुळसा हळदीची वाटी घेऊन तिथेच उभी होती. तिने विचारलं, "सुमितची बॅटरी जुनी ना?"

"जुनीच, मावशी," सुमित म्हणाला.

"आणि यांची नवी, मोठी. मंग नव्या बॅटरीने नाय होत ते जुन्या बॅटरीने कसं झालं?"

 कुंडलिकने हातातला काळा चिमटा उलटसुलट करून बघितला. मग त्याने जीप मागे घ्यायला लावली आणि काळ्या वायरीचं एक टोक स्वतःच्याच बॅटरीला लावलं, दुसरं त्याच नव्या बोल्टाला. सेल्फ मारला. गाडी चालू झाली, जीपचा काही संबंध नसताना. म्हणजे बॅटरी चांगली होती, सेल्फ चांगला होता, प्लग आणि कॉइल तर बिचारे आधीपासूनच निर्दोष होते. बॅटरीची वीज पत्र्यापर्यंत येत होती, म्हणून दिवे आणि हॉर्न चालत होते. पत्रा आणि इंजिन यांच्या मधली वाट तेवढी बंद होती.

ती वाट म्हणजे अर्थिंगचा एक जाड पट्टा. तो त्याने वाकून शोधला. एक टोक पत्र्याला, एक इंजिनाला, दोन्हीकडे बोल्ट घट्ट. आणि दोन्हीकडे पट्ट्याखाली धातू नव्हताच. होता तो रंग. मोतिया, जाड, गुळगुळीत. त्यात वाकलेल्या कुंडलिकचं हळदीने माखलेलं तोंड अगदी स्पष्ट दिसत होतं. भांग पाडता आला असता. रोजची वाट बंद, म्हणून वीज जमेल तिथून, चोकच्या त्या बारीक तारेतून, जायला बघत होती. बोट भाजलं ते त्यामुळे, हेही त्याला आता उमगलं.

कल्पिता पाटावरून उठून मागे येऊन उभी होती. तिने हळूच विचारलं, "बाबा, म्हणजे नुसता रंगच आडवा आलेला?"

"रंगच."

"रघुकाका नको म्हणत होते तो?"

"तोच."

ती आवाज न करता हसायला लागली. इतकी हसली की गालावरची वाळलेली हळद तडकून पडायला लागली. कुंडलिकला वाटलं होतं त्याला राग येईल. पण महिनाभर सासरच्या विचाराने मुकी झालेली पोरगी पोट धरून हसत होती, आणि आपल्या मूर्खपणाचा याहून चांगला उपयोग त्याला तरी सुचला नसता. तोही हसला. मग घरातून विळा मागवून त्याने आपल्या हाताने तो आरसा खरवडायला घेतला. प्रत्येक ओरखडा त्याच्या काळजावरून जात होता, पण खालचा करडा धातू उघडा पडला. पट्टा बसवला, बोल्ट आवळला. सेल्फ मारला तेव्हा कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, गाडी इतकी साधेपणाने चालू झाली.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी कुंडलिक गाडी चालवायला बसला. मागे कल्पिता आणि जावई हर्षित. टिटवाळा मागे पडेपर्यंत तो बरा होता. मग आरशात मागचं दिसेनासं झालं, रस्ताही धूसर झाला, आणि त्याने गाडी बाजूला घेतली. आरसाच पुसायला हवा, असं काहीतरी तो पुटपुटला. हर्षितला गाडी येत होती, पण गिअर स्टीअरिंगच्या बाजूला बघून तो बिचकला.

कल्पिता शालू सावरत पुढे आली. "सरका तिकडे. तुम्ही नका चालवू."

"तुला जमेल?"

"आजोबांनी शिकवलेली गोठ्यातल्या गोठ्यात. तुम्ही कधी विचारलंच नाय."

गळ्यात हार, हातभर हिरवा चुडा, अशी ती स्वतःच्या सासरी गाडी चालवत गेली. कुंडलिक शेजारी बसून क्लच, ब्रेक सांगत राहिला, तेव्हा तिने त्याला गप्प बसायला सांगितलं. खडवलीत दारात तांदूळ आणि पाणी घेऊन उभी असलेली सासू आधी मागच्या दाराशी गेली. तिथून एकटा हर्षित उतरला. मग तिने पुढे बघितलं आणि ती हसली. तिने पुढच्या दाराशी येऊन सुनेवरून तांदूळ ओवाळून टाकले.

व्याह्यांनी कुंडलिकला जेवायला बसवलं. वाढता वाढता ते म्हणाले, चार शब्द बोला, माइक आहे.

कुंडलिकने पानात बघितलं आणि भात थोडा अजून वाढा म्हणून सांगितलं.