नानांचं ड्रॉइंग

सोमवारी सकाळी आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले सगळे माऊस एकदम मेले. हलवून झाले, आपटून झाले, खालून फुंकर मारून झाली, तरी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. सगळा स्टाफ हाताची घडी घालून बसला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून नाना म्हणाले, "मनीषा, तो रेघा मारायचा जुना ड्राफ्टर माळ्यावर टाकलाय ना गं? काढ खाली. त्याला निदान शेखरची परवानगी लागत नाही."

शेखर म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला. देवळ्याचा पोरगा, नुकतं लग्न झालेलं. तो घामाघूम होऊन आला आणि त्याच्या तोंडून काय घडलं ते कळलं. कोणी कॉम्प्युटरमधलं काही पेन ड्राइव्हवर नेऊ नये म्हणून त्यानं रविवारी येऊन एक नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. यूएसबीला जे काही लागेल ते अडवायचं, एवढंच त्या सॉफ्टवेअरला ठाऊक. आणि आमचे माऊससुद्धा यूएसबीचेच! चोरासाठी कुत्रं पाळावं आणि त्यानं घरच्यांनाच उंबरा ओलांडू देऊ नये, तशी गत.

दुपारपर्यंत शेखरनं त्या कुत्र्याला घरची माणसं ओळखायला शिकवलं. माऊस हलले, कीबोर्ड चालले. पेन ड्राइव्ह लावला की मात्र पडद्यावर लाल चौकट यायची, 'परवानगी नाही', आणि कोणी लावला त्याची नोंद थेट मॅनेजरसाहेबांकडे जायची. साहेबांचंही चुकत नव्हतं म्हणा. आदल्या वर्षी एक मुलगा नोकरी सोडताना खिशात ड्रॉइंग घेऊन गेला आणि दिवाळीच्या आत आमच्या पंपाचा जुळा भाऊ बाजारात उभा राहिला. अंबडच्या त्या कंपनीत आम्ही द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे लावायचे पंप बनवायचो. शेतकरी त्याला ब्लोअर म्हणतात.

हे दोन हजार सातचं. मी कंपनीत लागले एक्क्याण्णवला, ट्रेसर म्हणून. तेव्हा चोरी कशाशी खातात ते कोणाला माहीत नव्हतं. नाना, म्हणजे भिमाजी संधान, आमचे सीनियर ड्राफ्ट्समन. ते पेन्सिलीनं काढायचे आणि मी त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईनं गिरवायचे. साडीचा पदर खोचलेला, घाम कागदाला लागू नये म्हणून हाताखाली पावडर, श्वास रोखलेला. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, तीही अशी की कागदाला कळू नये. शेजारच्या खोलीत अमोनियाच्या प्रिंट निघायच्या. त्या वासानं डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. नवीन आलेल्या मुलीला आम्ही मुद्दाम तिथं पाठवायचो आणि ती रडत बाहेर आली की विचारायचो, "काय गं, सासर आठवलं का?"

खराब प्रिंट आम्ही घरी न्यायचो. जून महिन्यात कंपनीतल्या यच्चयावत पोरांच्या वह्यापुस्तकांना पंपांच्या ड्रॉइंगची कव्हरं असायची. कंपनीची सगळी गुपितं दप्तरात बसून शाळेत जायची आणि कोणाचं काही बिघडायचं नाही. ते दिवस आठवले की आजही मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

नानांची एक खोड होती. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाची चौकट असते. सगळं इंग्रजीत, पण मी गिरवून झालं की नाना तिथं स्वतःच्या हातानं ठसठशीत मराठीत लिहायचे, भिमाजी. साहेब लोक हसायचे. नाना म्हणायचे, "आईनं नाव मराठीत ठेवलंय. भाषांतर कशाला करू?"

ब्याण्णव-त्र्याण्णवला नानांनी आमच्या सगळ्यात जास्त खपलेल्या ब्लोअरचं ड्रॉइंग काढलं. टाकीपासून नळ्यांपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यातून आलेलं. त्यातलाच एक पंप पुढं त्यांच्या दिंडोरीकडच्या बागेत गेला, स्टाफ म्हणून सवलतीत. नानांचे वडील, तात्या, तेव्हापासून गावभर सांगत, "भिमाच्या नोकरीचा येवढा येकच उपेग झाला, पंप सवस्तात आला."

चहाच्या वेळी नाना तात्यांच्या गोष्टी सांगून आम्हाला हसवायचे. थोरल्यानं बाग सोडून पेन्सिल धरली, हे तात्यांच्या पचनी कधी पडलं नव्हतं.

"मी म्हटलं, तात्या, हा पंप मी केलाय. तर म्हणाले, वेल्डिंग तू केलं? म्हटलं, नाही. ओतकाम? नाही. रंग तरी? म्हटलं, तोही नाही. तर म्हणतात, मग तू केलं काय? रेघा मारल्या! कोंबडीबी मारती अंगणात."

आम्ही पोट धरून हसायचो. नानाही हसायचे, पण हसू ओसरलं की कप उगाच दोनदा बशीत फिरवायचे. ते माझ्या नजरेतून सुटायचं नाही.

नानांची निवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर होती. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याजवळ आले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. नातीनं, सृष्टीनं दिलेला, लाल गोंड्याचा.

"मनीषा, त्या ब्लोअरचं जुनं ड्रॉइंग यात घेता येईल का गं? सहीवालं."

नवीन ड्रॉइंग कॉम्प्युटरवरची, त्यात कोणाची सही नाही. सहीवाला मूळ कागद स्कॅन करून झाल्यावर रद्दीत गेला होता. नानांच्या हातची ती एकच खूण आता कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

"कशाला हवंय नाना?"

"तात्यांना दाखवीन. चौथी शिकलेत, अक्षर लावून लावून वाचतात. अठ्ठ्याहत्तर वय झालं त्यांचं. त्यांना एकदा कळावं, मी इतकी वर्षं काय केलं ते." जरा थांबून म्हणाले, "आणि मलाही."

प्रिंट काढणं शक्य नव्हतं. प्रत्येक प्रिंटवर शिक्का, मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. फोन गेटवर ठेवून घेत. नानांनी सरळ मार्गानं साहेबांकडे अर्ज केला. साहेब उभे राहून म्हणाले, "नाना, तुम्हाला दिलं तर उद्या दुसऱ्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणू?" नाना म्हणाले, "बरोबर आहे," आणि परत येऊन पेन्सिलींना टोकं करत बसले. मला मात्र राहवेना. मी शेखरला जिन्यात गाठलं.

"शेखर, त्या माणसानं आयुष्य घातलं इथं. पाच मिनिटं तुझं कुत्रं बांधून ठेव की."

त्यानं जिन्यात वर-खाली कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "बघतो, ताई."

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेखर आला आणि नानांच्या कॉम्प्युटरवर त्यानं काहीतरी केलं. "लावा, नाना."

नानांनी पेन ड्राइव्ह लावला. लाल चौकट आली नाही. शेखरनं ते जुनं ड्रॉइंग उघडलं. पिवळट कागद, माझी शाई, खाली कोपऱ्यात भिमाजी. नानांनी माऊसवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"शेखर, याची नोंद होते का रे?"

शेखर कीबोर्डची वायर नीट करू लागला.

"होते ना?"

"होते. माझ्या नावावर होते. पण माझं मी बघून घेईन, नाना."

नानांनी पेन ड्राइव्ह काढला आणि खिशात ठेवला. "कर बंद. आत्ता कुठं संसाराला लागलायस. ते चित्र तेवढं जरा राहू दे."

सुट्टी संपेपर्यंत ते ड्रॉइंगकडे बघत बसले. मी चिडले होते. साहेबांवर, त्या सॉफ्टवेअरवर आणि खरं सांगायचं तर नानांच्या त्या सरळपणावरसुद्धा. एवढं सरळ असू नये माणसानं.

संध्याकाळी निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ, घड्याळ, भाषणं. आमच्याकडे रिवाज आहे, निवृत्त होणाऱ्याला दोघातिघांनी घरापर्यंत पोचवायचं. कंपनीच्या जीपमधून मी, शेखर आणि ड्रायव्हर निघालो. नाना पुढं बसले होते, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. दिंडोरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी फवारणी चालली होती, औषधाचा वास जीपमध्ये शिरत होता. ढगाळ हवा होती, डावणी रोगाच्या धास्तीनं सगळे बागाईतदार बागेतच होते.

तात्या घरात नव्हतेच. विहिरीजवळ ट्रॅक्टर उभा होता, मागं तो ब्लोअर, आणि ब्लोअरखालून दोन वाळके पाय बाहेर आलेले. नानांच्या धाकट्या भावाची बायको, कुसाबाई, पाण्याची नळी धरून उभ्या होत्या.

"तात्या, कंपनीतली माणसं आलीत मला पोचवायला," नाना म्हणाले.

"येऊ दे. च्या टाक गं कुसा," खालून आवाज आला. "हे बूच निघंना. टाकी धुवायची म्हंजे माणसानं उताणं पडायचं, अन् बूच निघालं की औषिदाचं पाणी सरळ बाहीत. ज्या भाड्यानं हे बूच हितं बसवलं ना, त्यानं जल्मात टाकी धुतली नसंल!"

"नाही धुतली," नाना म्हणाले.

"तुला काय ठाव?"

"मीच बसवलं ते."

पाय हलायचे थांबले. मग तात्या कोपरावर सरकत सरकत बाहेर आले. सदरा भिजलेला, कपाळाला चिखल. त्यांनी आधी ब्लोअरकडे पाहिलं, मग नानांकडे.

"तू?"

"हो. बूच, टाकी, नळ्या. सगळं मीच काढलं कागदावर. तुम्हाला दाखवायला तो कागद आणणार होतो. नाही आणता आला."

"लय वर्सं झाली, मी त्याला आयमायवरून शिव्या घालतोय," तात्या सावकाश म्हणाले.

शेखर चपलेच्या टोकानं माती उकरत होता.

"कागद राहू दे तुझा," तात्या म्हणाले. "बूच कुठं पायजे व्हतं ते सांग आता."

नानांनी नारळ माझ्या हातात दिला. नव्या सफारीनिशी ते ओल्या मातीत उकिडवे बसले आणि एका काटकीनं टाकी काढली, चाकं काढली, बाजूला बुचाचा एक गोल काढला. तात्याही गुडघे धरून समोर बसले. "तिकडं नको. तिकडं ट्रॅक्टरचं चाक येतंय. हिकडं घे." नानांनी तळव्यानं माती सारखी केली आणि पुन्हा काढलं. "तळाला जरा उतार दे, गाळ ऱ्हातो." नानांनी उतार दिला. अशा कितीतरी गोष्टी नाना विचारत गेले आणि तात्या सांगत गेले. चहा आला, गार झाला.

सोमवारी मी हे कंपनीत सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, पण तोवर ते मॉडेल बंद करायचं ठरलं होतं. ते बूच कधीच हललं नाही.

पण त्या संध्याकाळी हे आम्हाला कुठं ठाऊक होतं. शेजारच्या बागेतला मंगळू बांधावरून येऊन उभा राहिला आणि शालवाल्या माणसाला चिखलात बसलेलं पाहून म्हणाला, "काय चाललंय वं तात्या?"

तात्यांनी मान वर केली नाही.

"पंप बघतोय. ह्यो पंप माझ्या पोरानं काढलाय," ते म्हणाले. "बूच तेवढं चुकलं."

नानांनी शालीच्या टोकानं नाक पुसलं आणि काटकी पुन्हा मातीला टेकवली.